पाणी ओढलेली जीप

परतीचा पाऊस सुरू झाला की मी गाडी सावकाश चालवते. परवा गेवराईकडून येताना एका फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. फार नव्हतं, पोटरीभर असेल. माझ्यापुढच्या दोन गाड्या फवारे उडवत पलीकडे गेल्या. मी गाडी बाजूला लावली आणि काठावरचा एक दगड नजरेत धरून बसले. पाणी त्याच्यावर चढतंय की ओसरतंय, एवढंच बघायचं होतं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. शेजारी आमच्या शाळेतल्या जोशीबाई होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं?" मी हसल्यासारखं केलं. वीसेक मिनिटांनी दगडाचा माथा कोरडा दिसायला लागला, तेव्हा निघालो.

वाटेत खिडकीतून ओल्या काळ्या मातीचा वास येत होता आणि पुढच्या ट्रकच्या डिझेलचाही. हे दोन वास एकत्र आले की मी वीस वर्षांची होते. मांजरसुंब्याच्या चौकातलं नानांचं पत्र्याचं गॅरेज समोर उभं राहतं, आणि तो सगळा हंगाम, दुष्काळ संपला तो हंगाम, जसाच्या तसा परत येतो. लोकांना तो पावसाचं वर्ष म्हणून आठवतो. आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नाही.

नाना म्हणजे माझे वडील. ते सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. माझं लहानपण कारखान्याच्या भोंग्यावर उठण्यात आणि मळीच्या आंबूस वासात गेलं. मग पाऊस जो गेला तो तीन वर्षं नीट आलाच नाही. ऊस नाही म्हटल्यावर बॉयलर पेटेना. कामगारांना आधी महिनाभर घरी बसा म्हणाले, मग पुढच्या हंगामापर्यंत बसा म्हणाले, आणि मग काही म्हणायलाही कुणी उरलं नाही. नाना दोन महिने ओट्यावर बसून राहिले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी पान्यांची पेटी उचलली आणि चौकातल्या ढाब्याच्या बाजूला एक शेड भाड्यानं घेतलं.

मी बीडला कॉलेजात जात होते. दुपारच्या एसटीनं परत आले की घरी न जाता शेडमध्येच अभ्यासाला बसायचे, कारण घरात पत्रा तापायचा तसा इथंही तापायचा, पण इथं चौकातलं वारं तरी होतं. त्या वाऱ्यात धूळ असायची. वहीच्या पानावर, दातांवर, चहाच्या सायीवर धूळच धूळ. नाना गाड्यांचे एअर फिल्टर काढून टायरवर आपटायचे, तेव्हा पिठाच्या गिरणीसारखा ढग उडायचा. हात धुवायला पाणी नसायचं. ते भुशात हात चोळायचे, मग डिझेलनं पुसायचे, आणि त्याच हातांनी भाकरी मोडायचे. कपिलधारचा धबधबा कोरडा पडला होता. दर्शनाला आलेले लोक देवळाजवळच्या टँकरपाशी बाटल्या घेऊन उभे राहायचे. खडकावर पाण्याची काळी रेघ तेवढी उरली होती.

याच दिवसांत सुधाकरभाऊ आमच्याकडे यायला लागले.

ते चकलांब्याच्या बाजूचे. घरची जमीन मोठी, वडील दूध संघाचे संचालक. पण सुधाकरभाऊ खुर्चीत बसणाऱ्यातले नव्हते. गावोगावचं दूध स्वतःच्या जीपमध्ये घालून शीतकरण केंद्रावर न्यायचे. जनावरांची छावणी उघडली तेव्हा चाऱ्याची ट्रॉली जीपला जोडून घाटातून वर-खाली करायला लागले. पस्तिशीच्या आतला माणूस, पण उन्हानं चेहरा रापून पन्नाशीचा दिसायचा. एकदा आले तेव्हा मागच्या सीटवर एक गोऱ्हा बसवला होता. त्याला उठता येत नव्हतं म्हणून छावणीतल्या डॉक्टरकडं नेत होते. गाडीत शेण झालं होतं. ते बघून नाना म्हणाले, "गाडी हाय का गोठा?" तर म्हणाले, "नाना, सध्या काईच फरक न्हाई." आल्यावर आधी माझ्यासमोर ताकाची किटली ठेवायचे. "पोरगी अभ्यास करती, तिच्या डोक्याला थंडावा पायजे," असं म्हणून पुढं जायचे.

घाटात जीप दम टाकायची. मागं चाऱ्याची ट्रॉली, समोर चढ, आणि फिल्टर धुळीनं बुजलेला. एक दिवस सुधाकरभाऊ पुण्याहून एक खोकं घेऊन आले. आत चकचकीत जाड नळी होती आणि तिच्या टोकाला लाल रंगाचा, भोवऱ्यासारखा निमुळता फिल्टर. मूळचा बंद डबा काढून टाकायचा आणि ही नळी बसवायची. तिचं तोंड खाली, बंपरच्या मागं येतं. तिथली हवा गार असते, इंजिनाला मोकळा श्वास मिळतो, गाडी चढावर जोरात ओढते, असं दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं.

नानांनी नळी उलटसुलट करून बघितली. म्हणाले, "ओढंल गाडी. त्यात खोटं न्हाई. पण धूळ जास्ती खाईल, हप्त्याला साफ करावी लागंल. आन् तोंड लई खाली हाय. डबा वर असतोय ते उगं नसतोय. हितं पाणी लागलं की गाडी हवेसंगट पाणी ओढती. इंजिनात पाणी गेलं की खेळ संपला."

सुधाकरभाऊ बोनेटवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "नाना, तीन वर्सं मी टँकरमागं पळतोय. आपल्याकडं गाडी बुडंल एवढं पाणी कुठं ठिवलंय? असलं तर मला दावा, मी आधी जनावरं नेतो तिकडं."

आणि नाना हसले. मीही हसले. ढाब्यावरचे दोघं-तिघं ऐकत होते, तेही हसले. त्या दुपारी, त्या धुळीत, पाण्याची भीती घालणं खरंच हसण्यासारखं होतं.

नानांनी नळी बसवली. पण त्यांना ती तशी सोडवत नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भंगारातून एक पाइप आणला, त्याला दोन ठिकाणी वाक दिला. नळीचं तोंड बंपरमागून काढून बाजूनं वर, काचेच्या उंचीला न्यायचं, म्हणजे चाकं बुडाली तरी श्वास वरून घेता येईल. पाइप घासून, रंगवून शेडच्या भिंतीला टांगून ठेवला. सुधाकरभाऊ आले की नाना म्हणायचे, "अर्ध्या दिसाचं काम हाय, गाडी सोड माझ्याकडं." आणि ते म्हणायचे, "येतो नाना. एवढी चाऱ्याची खेप होऊ द्या." ती खेप कधी संपत नव्हती. छावणीत आठशेवर जनावरं होती, आणि अर्धा दिवस गाडी थांबली तर त्यांच्यापुढं काय टाकायचं, हा प्रश्न खराच होता. मला त्यांचा राग येत नाही. पाइप मात्र आठवतो. त्याचा रंग वाळून त्यावर धूळ बसली होती, आणि मी कधीतरी बोटानं त्यावर माझं नाव लिहिलं होतं.

पाऊस आला तो सरत्या भाद्रपदात. आधी दोन दिवस नुसतं उकडलं. मग एका सकाळी चौकातल्या धुळीत रुपयाएवढे खड्डे पडायला लागले, आणि नंतर तो थांबलाच नाही. लोक दुकानं सोडून रस्त्यावर आले. ढाब्याच्या मालकानं पातेली बाहेर मांडली. आई दारात बादल्या भरत होती आणि भरलेल्या बादल्या ठेवायला जागा नव्हती म्हणून रडत होती. नाना शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले, ग्रीसचे हात पुढं करून. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे हात पाण्यानं धुतले गेले. घाटातून लाल पाणी खाली येत होतं. कुणीतरी सांगत आलं की कपिलधारला धार पडली. मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. इतका आनंद मी माझ्या गावानं केलेला पुन्हा पाहिला नाही, आणि म्हणूनच त्या आठवणीपाशी मला फार वेळ थांबता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला नानांचा फोन वाजला. नाना "हां, हां" एवढंच म्हणत राहिले. मग खाली बसले.

काय झालं ते आम्हाला नंतर रामकिसननं सांगितलं. हा दूध संघाचा माणूस, त्या दिवशी जीपमध्ये सुधाकरभाऊंच्या शेजारी होता. दुधाचे कॅन घेऊन दोघं निघाले होते. गावाबाहेरच्या ओढ्यावर फरशी आहे. तीन वर्षं त्या ओढ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. त्या दिवशी फरशीवरून पाणी जात होतं, गुडघ्याच्या जरा खाली. जीपसाठी ते काही फार नव्हतं. अशा पाण्यातून ती पूर्वी कितीदा गेलेली. बरोबर मधोमध इंजिनानं एक ठोका दिला आणि ते बंद पडलं.

"भाऊनं सेल्फ मारला," रामकिसन सांगत होता. "नुसतं टक् वाजलं. परत मारला. परत टक्. मी म्हणलं, भाऊ, चला, ट्रॅक्टर आणू. तर मला म्हणले, तू हो फुडं, मी दोन मिन्टात काढतो. मी कठड्याचं दगड धरीत काठाला आलो. पाणी तवर तेवढंच व्हतं. भाऊ आतच. बोनेट उघडाया गेले, परत आत बसले, परत सेल्फ. धा-पंधरा मिन्टं तेच चाललं. आमी काठावरून हात करीत व्हतो, तर त्यांनी बी हात केला, थांबा म्हणून. मग वरच्या पाझर तलावाची भिंत गेली. पाणी आलं ते भिंतीसारखंच आलं."

जीप दीड फर्लांगावर बाभळीला अडकलेली सापडली. सुधाकरभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी, बरेच खाली.

मी पुष्कळदा विचार केलाय, तो माणूस पंधरा मिनिटं आत का बसला. दुधासाठी नसणार. दूध तर त्यांनी कितीदा सांडलं होतं. भीती नव्हती म्हणूनही नसेल. मला वाटतं, त्यांना ते पाणी खरंच वाटलं नाही. ज्या ओढ्याच्या वाळूत तीन वर्षं झिरे खोदून वाटी-वाटी पाणी काढलं, तो ओढा आपल्याला नेईल, हे त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं. आणि समोर किल्ली होती. फिरवली की गाडी सुरू होते, ही आयुष्यभराची सवय. आणखी एकदा, आणखी एकदा.

जीप ट्रॅक्टरला बांधून नानांकडे आणली. दुसरीकडे नेली असती तर बरं झालं असतं, पण घरच्यांना आमचंच गॅरेज माहीत होतं. नानांनी ती चार दिवस ताडपत्रीखाली ठेवली. पाचव्या दिवशी इंजिन उघडलं. तेल दुधाळ झालं होतं, जास्त दुधाच्या चहासारखं. तिसऱ्या पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला होता. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं पिस्टन वर येताना अडतो आणि रॉड वाकतो, हे नानांनी मला त्या दिवशी सांगितलं, शाळेतल्या मास्तरांसारखं, हळू आवाजात, सगळं नीट. लाल फिल्टरात वाळू भरली होती. नानांनी तो काढून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काय करावं न कळून परत उघडला.

तेरावा झाल्यावर सविता वहिनी आल्या. सुधाकरभाऊंच्या पत्नी. सोबत कुणीतरी होतं, त्याला त्यांनी गाडीतच बसवलं आणि एकट्या शेडमध्ये आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. माझ्याहून फार तर आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. कपाळ मोकळं. नानांनी लोखंडी स्टूल पुसून दिलं, पण त्या उभ्याच राहिल्या, उघड्या इंजिनाकडं बघत. मी चहा आणला. तो त्यांनी हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"नाना, लोक म्हणत्यात नळीमुळं झालं," त्या म्हणाल्या. "खरं हाय का?"

नाना म्हणाले, "हाय. पहिला डबा असता तर तेवढ्या पाण्यातून जीप निघाली असती."

"तुमी सांगितलं न्हवतं का त्यांना?"

"नळीचं सांगितलं व्हतं. वर घ्यायचा पाइप बी करून ठिवलाय. त्यो बघा."

वहिनींनी भिंतीवरच्या पाइपाकडं बघितलं. मग परत नानांकडं. "आन् हे सांगितलं व्हतं का? की पाण्यात बंद पडली तर परत चालू करू नको म्हणून? गाडी सोडून बाहेर ये म्हणून?"

मी त्या दुपारी तिथंच होते. नळी बसवली तेव्हाही होते, आणि नंतर प्रत्येक वेळी "येतो नाना" म्हणून ते गेले तेव्हाही. नाना काय बोलले आणि काय बोलले नाहीत, ते मला पक्कं माहीत होतं. पहिल्यापासून सगळं ऐकलेलं माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं कुणाचं काही गेलं नसतं, कदाचित वहिनींनाही बरं वाटलं असतं, नवऱ्यावर रागावता आलं असतं. मला मनापासून वाटलं की नानांनी हो म्हणावं. आज इतक्या वर्षांनी, वर्गात पोरांना खरं बोलण्यावर धडा शिकवतानाही, मला कधीकधी तसंच वाटतं.

नाना म्हणाले, "न्हाई. ते न्हाई सांगितलं. आमी हसलो त्या दिवशी. मी बी हसलो."

वहिनींनी चहाचा कप पान्यांच्या पेटीवर ठेवला. तो भरलेलाच होता. आणि त्या गेल्या.

त्या हिवाळ्यात रान हिरवं झालं. विहिरींना पाणी आलं. छावणी उठली, जनावरं घरोघर गेली. दसरा झाल्यावर ऊसतोडीच्या गाड्या नेहमीसारख्या चौकात थांबल्या. बिऱ्हाडं, कोंबड्या, लुगड्याच्या झोळीत तान्ही पोरं. आमचा कारखाना मात्र सुरू झाला नाही. नाना जीपचं काम करत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. दुसरी कामं संपली की ते तिच्याकडं वळायचे. रॉड बदलला, पिस्टन बदलले, सीटमधला गाळ धुतला, वायरिंग नवं केलं. कुठूनतरी मूळ डबा शोधून आणला आणि बसवला. जीप तयार होऊन शेडच्या मागं उभी राहिली. न्यायला कुणी आलं नाही.

आणि नाना बोलायला लागले. आधीचे नाना दिवसाला दहा वाक्यं बोलत. आता गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला, त्यानं विचारो न विचारो, धरून सांगायचे. फिल्टर बाहेरचा बसवलास का, तोंड कुठंय बघ. खाली असंल तर वर घे. पावसाळ्यापुरता जुना डबा लाव. अर्ध्या चाकाच्या वर पाणी असलं तर थांब. बंद पडली तर सेल्फ मारू नको. गाडी ढकलून बाहेर काढ, मिस्त्रीला बोलव, आतलं पाणी काढल्याबिगर किल्लीला हात लावू नको. आणि पाणी वाढत असंल तर गाडीचं नावच काढू नको. काही ऐकायचे, काही जांभया द्यायचे. ट्रॅक्टरवाले, ज्यांना यातलं काही लागू नव्हतं, तेही ऐकून जायचे.

एकदा जेवताना आई म्हणाली, "कावून सारखं तेच तेच सांगता? लोक हसत्यात."

नाना घास तसाच धरून म्हणाले, "एकाला सांगायचं राहिलं."

आईनं त्यावरून त्यांना पुन्हा कधी टोकलं नाही.

वर्ष गेलं. परत भाद्रपद, परत ढग. एका दुपारी सविता वहिनी आल्या, एसटीनं, एकट्या. सासऱ्यांनी प्रकृतीमुळं जागा सोडल्यावर संघानं वहिनींना संचालक म्हणून घेतलं होतं. ते आम्ही ऐकलं होतं. वाटलं होतं, नावापुरतं असेल. त्या शेडमागं गेल्या, जीपभोवती एक फेरी मारली, दाराला हात लावला.

"चालती का?" त्यांनी विचारलं.

"चालती," नाना म्हणाले.

"संघाला दूध आणायला गाडी पायजे. हीच देणार हाय मी. पण आधी मला चालवाया शिकवा." मग म्हणाल्या, "आन् बंद पडली तर काय करायचं, ते बी शिकवा. तुमच्याकडूनच शिकायचंय मला."

नानांनी मान हलवली.

बंद कारखान्याच्या मागं मोठं मैदान होतं, पूर्वी जिथं उसाच्या बैलगाड्या रांगेत उभ्या राहायच्या. तिथं गवत वाढलं होतं. पंधरा दिवस वहिनी रोज यायच्या. मी मागच्या सीटवर. क्लच, गिअर, चढ, वळण. वहिनी लवकर शिकल्या. बोलणं कामापुरतं. गेल्या वर्षीचा विषय दोघांनीही काढला नाही.

शेवटच्या दिवशी पावसाची भुरभुर होती. नानांनी मैदानाच्या मधोमध जीप थांबवायला लावली आणि ते खाली जाऊन समोर, पंचवीस-तीस पावलांवर उभे राहिले. मलाही खाली बोलावलं. तिथून म्हणाले, "समजा, पाण्यात हाय. बंद पडली. आता?"

वहिनींनी किल्ली काढली, पट्टा सोडला, दार उघडून बाहेर आल्या.

"परत," नाना म्हणाले.

त्या परत बसल्या. परत आल्या. नाना म्हणाले, "परत." असं पाच-सहा वेळा झालं. गवतात त्यांच्या पायांची वाट पडली. ना ओढा, ना पूर, मैदानात नुसती उभी गाडी, आणि दोन मोठी माणसं हा खेळ इतक्या गंभीरपणे खेळत होती की रस्त्यानं जाणारा एक मेंढपाळ काठी टेकून बघत राहिला.

सातव्या वेळी वहिनी बाहेर आल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिल्या. काचेवर पावसाचे थेंब जमले होते, त्यातून चेहरा नीट दिसत नव्हता. मग त्यांनी हळूच कपाळ हातांवर टेकलं. खांदे हलायला लागले. वर्षभरात त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं, असं पुढं रामकिसननं सांगितलं.

मी पुढं निघाले तर नानांनी हातानं मला अडवलं. ते स्वतः गेले. चालता चालता मध्ये एकदा अडखळले. दाराशी जाऊन त्यांनी ते बाहेरून उघडलं आणि भिजत उभे राहिले. त्यांनी वहिनींना आजवर अहो-जाहो केलं होतं. आता ते घरच्या लेकीशी बोलावं तसं, अगदी हळू म्हणाले,

"उतर, बाई. गाडी राहू दे. तू उतर."